चार प्रांत आणि एक फिरकीचा डबा

७ जून, शनिवार. एडमंटन

कॉलेजमधले माझे दोघे दोस्त, अस्मिता आणि सार्थक, काल पॅरिसला पोचले. सकाळपासून सात फोटो आले आहेत आणि प्रत्येकात अस्मिताने ती लाल टोपी घातली आहे, जी आम्ही दोघींनी मिळून निवडली होती. तिसरी जागा माझी होती. पण वर्क परमिटचा अर्ज लटकलेला असताना देशाबाहेर पाऊल टाकू नकोस, असं कॉलेजच्या सल्लागार बाईंनी बजावलं आणि माझा युरोप तिथेच संपला. दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी कॅनडाचा नकाशा जमिनीवर पसरला. युरोप नाही तर नाही, हा देश काय लहान आहे? उद्या निघायचं, पाठीवर बॅग, बसने प्रवास, हॉस्टेलात मुक्काम, आणि थेट हॅलिफॅक्सला जाऊन अटलांटिकमध्ये पाय बुडवायचे. एकटीने. दोन जुलैला नोकरी सुरू होते, त्याच्या आत परत.

आई कराडहून फोनवर म्हणाली, एकटीने कशाला? बाबा मागून म्हणाले, जाऊ दे तिला, नाही म्हटलं तर ऐकणार आहे का ती. बाबांना मी कळलेली आहे.

बॅग भरून झाली आणि वरून हाक आली. वर म्हणजे ताराआजी, आमच्या बेसमेंटच्या मालकीण. वय ऐंशी. विश्वनाथ आजोबा सत्तर साली इथे इंजिनियर म्हणून आले, त्यांच्यामागून आजी. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगे अमेरिकेत. आजी शनिवारी नखं कापू देत नाही, कातरवेळी झोपू देत नाही, आणि तिचं विरजण अख्ख्या एडमंटनला ठाऊक आहे. माहेरच्या दह्यात रुमाल बुडवून, वाळवून, तो घडी करून तिने आणला आणि इथे कोमट दुधात भिजवला. तेव्हापासून ते अखंड चालू आहे. नवीन आलेली मुलं वेळी-अवेळी बेल वाजवतात आणि आजी प्रत्येकाला चमचाभर देते.

तिने माझ्यापुढे एक छोटा फिरकीचा डबा ठेवला.

"रिचमंड हिलला मंदाकिनी राहते. तिला नेऊन दे. जिवंत पोचलं पाहिजे."

मी म्हटलं, आजी, मी बारा दिवसांनी पोचणार, मध्ये सगळा प्रवास बसचा. तिच्यावर काही परिणाम झाला नाही. एक दिवसाआड दूध कोमट करायचं. करंगळी बुडवून दहा आकडे मोजता आले की बरोबर. जुन्यातलं चमचाभर घालायचं, उबेला ठेवायचं, सहा-सात तास हलवायचं नाही. मी म्हटलं, रिचमंड हिलच्या ग्रोसरीत दही मिळत असेल की. तर म्हणाली, "मला तिला हेच द्यायचंय. द्यायचं राहिलंय." केव्हाचं राहिलंय विचारलं, तर म्हणाली, बरेच दिवस झाले.

डॉक्टरांनी तिचा विमानप्रवास बंद केला आहे, ते ठीक. पण फोन तरी करा की त्यांना, असं मी सुचवलं, तेव्हा आजी ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छच होता. वय झालं की माणसं कशाची तरी हुरहुर धरून बसतात.

मी हो म्हटलं आहे. आता ते पोचवणार, यात काही वाद नाही.

९ जून, सोमवार. बॅन्फ

काल आले. डोंगर फोटोत दिसतात त्यापेक्षा मोठे आहेत आणि माझी बॅग मला वाटली होती त्यापेक्षा जड आहे. हॉस्टेल गावाबाहेर, झाडीत. तिथल्या मुलीने पहिलाच नियम सांगितला: खोलीत खाण्याची एकही वस्तू ठेवायची नाही, अगदी टूथपेस्टसुद्धा नाही. अस्वलं वासावर येतात. सगळं बाहेरच्या लोखंडी कपाटात.

मी विचारलं, दही? ती म्हणाली, especially yogurt.

त्या कपाटात इतका गारठा की दही लागणं अशक्य. आज सकाळी स्वयंपाकघरात दूध कोमट करून विरजण लावलं, डबा लोकरीच्या टोपीत गुंडाळला आणि खिडकीतल्या उन्हाच्या पट्ट्यात ठेवला. ऊन सरकलं की डबा सरकवायचा, पण न हलवता. खोलीतल्या तिघी जर्मन मुली लेक लुईसला निघाल्या, चल म्हणाल्या. मी म्हटलं, मला दह्यापाशी बसायचंय. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्या गेल्या. ज्या तळ्याचा फोटो मी दोन वर्षं फोनवर लावून ठेवला होता, त्याच्यापासून तासाभराच्या अंतरावर मी सहा तास एका डब्याकडे बघत बसले. राग आला. आजीचा नाही, माझाच. हो म्हणायची इतकी घाई का असते मला?

साडेतीनला झाकण उघडलं. लागलं होतं. सुरी फिरवली तर कापल्यासारखा तुकडा सुटला. राग कुठल्या कुठे गेला. जुनं दही साखर घालून खाल्लं आणि संध्याकाळी आजीला फोटो पाठवला. तिने लगेच फोन करून विचारलं, पाणी सुटलं नाही ना? डोंगरांबद्दल एक शब्द नाही.

११ जून, बुधवार. बसमध्ये

कॅल्गरीहून रेजिना. आठ तास झाले, बाहेर तीच जमीन. इतकी सपाट की समोरून येणारा ट्रक आधी ठिपका असतो, मग बराच वेळ ठिपकाच राहतो.

मधल्या थांब्यावर कॉफीच्या दुकानात मी दूध मागितलं. कॉफी नको, नुसतं दूध, कोमट. मुलाने वाफेवर उकळून दिलं. म्हटलं, गार कर. त्याने बर्फ घालायला घेतला. मी अक्षरशः त्याचा हात धरला. शेवटी कपात करंगळी बुडवून मी त्याच्यासमोर उभी राहून मराठीत दहापर्यंत आकडे मोजले. मागे सहा माणसांची रांग होती. कोणीही काही बोललं नाही. हे लोक भलते सभ्य आहेत.

डबा आता स्वेटरच्या आत पोटाशी आहे. शेजारच्या बाईंनी मला खिडकीची जागा दिली आणि कितवा महिना, असं हळूच विचारलं.

१२ जून, गुरुवार. रेजिना

अस्मिताचा आतेभाऊ स्वानंददादा इथे सरकारी नोकरीत आहे. घरी सुरुचीवहिनी आणि सहा वर्षांचा आरव. हॉस्टेलात राहते म्हटलं तर वहिनींनी ऐकलंच नाही. दादाने दारातच चिडवलं, "तू backpacking करतेयस की टिफिन सर्व्हिस?" आरवने डब्यात डोकावून विचारलं, "Is it, like, a pet?" मी म्हटलं, जवळजवळ.

वहिनींनी मला इथली रीत शिकवली. ओव्हन लावायचा नाही, फक्त आतला दिवा लावायचा आणि त्या उबेला दही ठेवायचं. भर winter मध्येसुद्धा लागतं म्हणे. आजच्यासारखं दही खरंच याआधी लागलं नव्हतं. जेवताना दादाने भातावर घेतलं, एक घास खाल्ला आणि त्याची थट्टा एकदम थांबली. थोड्या वेळाने म्हणाला, आईच्या हातचं लागतंय, आणि ताट ठेवून deck वर गेला. आत आला तेव्हा म्हणाला, बाहेर डास फार आहेत. वहिनींनी नंतर सांगितलं, एकवीस साली त्याची आई गेली तेव्हा विमानं बंद होती. वहिनींनी चमचाभर विरजण मागितलं, मी अर्धी वाटी दिली.

दुपारी मंदाकिनी आजींना फोन केला. आधी नात होती, ईशिता. ती ओरडून म्हणाली, "आजी, some girl, she's bringing you yogurt?" मग आजी आल्या. कोणाकडून, विचारलं. मी म्हटलं, एडमंटनच्या ताराआजींकडून.

"तिला सांग, माझ्याकडे दही आहे."

मी नुसतीच हॅलो हॅलो करत राहिले. मग त्याच म्हणाल्या, तू केव्हा येतेस? मी म्हटलं, एकोणीसला. "ये. राहायलाच ये. पण त्या दह्याचं मी काही सांगत नाही."

बारा दिवस जे पोटाशी धरून न्यायचं, ते दारात नाकारलं तर? ताराआजीला हे सांगायचा धीर झाला नाही. तिचा फोन आला तेव्हा म्हटलं, या म्हणाल्या. तिने विचारलं, आवाज कसा होता गं? दमल्यासारखा? पूर्वी तिला थंडीत खोकला व्हायचा. कोण असतं तिच्याजवळ? पाच मिनिटं नुसती हीच चौकशी, विरजणाचं नावसुद्धा काढलं नाही. विसरत चालली आहे बिचारी.

१४ जून, शनिवार. विनिपेग

लिहायचीसुद्धा इच्छा नाही, पण लिहिते.

काल संध्याकाळी हॉस्टेलात पोचले. फ्रीजवर सूचना होती की प्रत्येक वस्तूवर नाव आणि तारीख हवी, नाही तर सकाळच्या सफाईत फेकली जाईल. मी चिठ्ठी लावली. व्यवस्थित, चिकटपट्टीने, मोठ्या अक्षरांत: विरजण. कृपया हात लावू नये. कृतिका, १३ जून.

आज सकाळी डबा फ्रीजमध्ये नव्हता. भांड्यांच्या रॅकवर होता. घासून, पुसून, लखलखीत. झाकण शेजारी उपडं. सफाईवाल्या बाई फार चांगल्या होत्या, डबा छान होता म्हणून तो टाकला नाही म्हणाल्या. चिठ्ठी कचऱ्याच्या डब्यात वरच पडली होती. त्या म्हणाल्या, I thought it was a decoration, dear. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी सगळं मराठीत लिहिलं होतं. दह्यावर लिहायचं म्हटल्यावर हात मराठीतच चालला.

वॉशरूममध्ये जाऊन रडले. पंचावन्न वर्षं एका बाईने जे एक दिवस मोडू दिलं नाही, ते मी सहा दिवसांत सिंकमध्ये घालवलं.

मग जे केलं तेही लिहिते. कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि साधं दही घेतलं. घट्ट, पांढरं, चांगलं. डब्यात भरलं. हुबेहूब दिसत होतं. कोणाला कळणार होतं? मंदाकिनी आजी तर घेणारसुद्धा नाहीत कदाचित. ताराआजीला फोटो गेला असता, ती खूश झाली असती. मी फोन काढला, फोटोही काढला. पाठवला मात्र नाही. आजी विचारेल, पाणी सुटलं नाही ना, आणि मला नाही म्हणावं लागेल, आणि मग पुढे रोज काही ना काही म्हणावं लागेल. ते दही मी उभ्याने खाऊन टाकलं. चव बरी होती, म्हणून जास्तच राग आला.

आणि मग एकदम वहिनींची अर्धी वाटी आठवली. फोन लावला. वहिनी म्हणाल्या, अगं, काल त्याची कढी केली. तेवढ्यात त्यांनी फ्रीज उघडल्याचा आवाज आला आणि त्या जोरात म्हणाल्या, "स्वानंद, त्या वाटीला हात लावायचा नाही. खाली ठेव ती."

एवढंच उरलं होतं, तेही दादाच्या हातात.

मी म्हटलं, उद्याच्या बसने परत रेजिनाला येते. सात तास तर आहेत. वहिनी म्हणाल्या, वेडी आहेस का. मी म्हटलं, हो.

१५ जून, रविवार. ब्रँडन, मग परत विनिपेग

रेजिनापर्यंत जावं लागलं नाही. सकाळी दादाचा मेसेज आला: ब्रँडनला उतर, आम्ही निघालोय. ब्रँडन म्हणजे माझ्यासाठी अडीच तास, त्यांच्यासाठी चार. एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये भेटलो. आरव मागच्या सीटवर कार सीटमध्ये बसलेला, दोन्ही हातांत वाटी धरून. वहिनी म्हणाल्या, एडमंटनच्या आजींची वस्तू आहे, हलवायची नाही, असं सांगितल्यापासून त्याने खिडकीबाहेरही पाहिलं नाही. त्याने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "I didn't let it spill."

मी दादाला म्हटलं, चमचाभर दह्यासाठी तुम्ही रविवार घालवलात. तो म्हणाला, "काही गोष्टींना वेळेवर जाता येत नाही गं. जिथे जाता येतं तिथे जावं." मग winter tires काढायचे राहिलेत वगैरे काहीतरी पुटपुटत गाडीच्या चाकांकडे बघायला लागला. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, नमस्कार केला, तर तो अजूनच गोंधळला.

या वेळी चिठ्ठी इंग्रजीत लावली. शिवाय वाळवलेला रुमालही करून ठेवला आहे. हे पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं, आजीने स्वतः तसंच तर आणलं होतं. मला सुचत नाही असं नाही, उशिरा सुचतं.

आजीला सगळं खरं सांगितलं. वाटलं होतं रागावेल. ती म्हणाली, म्हणजे अजून आहे? मी म्हटलं, आहे. मग म्हणाली, तू उगाच त्रास करून घेतलास, माझ्यासारखं नियमाला धरून बसू नये माणसाने. हे आजीच्या तोंडून ऐकून हसूच आलं.

१७ जून, मंगळवार. थंडर बे

ओंटारियो सुरू झाला म्हणून काल आनंद झाला होता. आता कळलं की इथून टोरोंटो अजून चौदाशे किलोमीटर आहे. कराडहून निघालेला माणूस एवढ्यात दिल्लीच्या जवळ पोचला असता.

पण लेक सुपीरियर पाहिलं. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, फक्त मीठ नाही. बूट काढून पाय बुडवले. दहापर्यंत मोजताच आलं नाही, तीनलाच बाहेर काढले.

अस्मिताने व्हेनिसचा फोटो पाठवला. मी डब्याचा पाठवला. तिने विचारलं, तू नक्की काय करतेयस? खरं म्हणजे मलाही हा प्रश्न पडला आहे. ज्या बाईंना नको आहे त्यांच्याकडे मी दही नेते आहे. पण आता ते आजीचं राहिलेलं नाही, माझं झालं आहे. मंदाकिनी आजींनी दार लावलं तर पायरीवर ठेवीन. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन.

१९ जून, गुरुवार. वावा गावाच्या अलीकडे

आज पोचायचं होतं. पुढे ट्रक उलटला आहे आणि हायवे बंद. या भागात दुसरा रस्ताच नाही. सकाळी नऊपासून पेट्रोल पंपावर अडकलो आहोत, अठ्ठावीस माणसं आणि एक वॉशरूम.

दही दोन दिवसांचं झालं होतं, आंबूस वास यायला लागला होता. काउंटरवरच्या बाईंना सगळी हकिगत सांगितली. त्यांनी सूपच्या भांड्यात दूध कोमट करून दिलं आणि स्वतः करंगळी बुडवून माझ्याबरोबर आकडे मोजले. डबा कुठे ठेवायचा यावर बसमधल्या लोकांनी अर्धा तास चर्चा केली. शेवटी ड्रायव्हरने बसच्या डॅशबोर्डवर, काचेमागच्या उन्हात जागा करून दिली आणि कोणी बस हलवायची नाही असं जाहीर केलं. बस तशीही हलणार नव्हती. चारला लागलं. माझ्याआधी सगळ्यांनी डोकावून पाहिलं आणि एका म्हाताऱ्या ट्रकवाल्याने टाळ्या वाजवल्या. युरोपात असं झालं असतं का, मला माहीत नाही.

मंदाकिनी आजींना उशीर होतोय म्हणून कळवलं. त्या फक्त म्हणाल्या, रस्त्यात जेवलीस का.

२१ जून, शनिवार. रिचमंड हिल

काल लिहायला जमलं नाही. आता सकाळ आहे, घरात सगळे झोपलेत, मी स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे.

काल टोरोंटोत उतरले तेव्हा सात वाजून गेले होते. सबवे, मग बस, मग दोनदा चुकलेली वळणं. घराच्या कोपऱ्यावर आले तेव्हा सूर्य मावळून रस्त्यावरचे दिवे लागले होते. आणि तिथे मला आईचं बोलणं आठवलं. दिवेलागण झाली की विरजण दुसऱ्याच्या घरी देत नाहीत. आई तर शेजारच्या काकूंनासुद्धा सकाळी या म्हणून सांगायची. मला स्वतःला हे पटत नाही, पण शनिवारी नखं न कापणाऱ्या ताराआजीची वस्तू आहे, तिच्या मनाविरुद्ध कशाला? म्हणून तिथेच थांबून तिला फोन केला. सांगितलं, पोचले आहे, पण अंधार पडलाय. रात्रभर माझ्याकडेच ठेवते आणि सकाळी अंघोळ करून देते.

आजी म्हणाली, "नाही. आत्ता दे."

मी म्हटलं, आजी, दिवे लागलेत.

"म्हणूनच आत्ता दे. दारातच दे. आधी ते हातात ठेव, मग आत जा. आणि तिला सांग, ताराने सांगितलंय अंधार पडला असला तरी दे." तिचा आवाज कापत होता. मला काळजी वाटली, औषध घेतलंत का विचारलं. तिने फोन ठेवून दिला.

दार मंदाकिनी आजींनीच उघडलं. ठेंगण्या, पांढरे केस कापलेले, अंगात नातीचा असावा असा hoodie. मी नमस्कारसुद्धा न करता डबा पुढे केला आणि निरोप सांगितला, अगदी शब्द न् शब्द. त्यांनी डब्याला हात लावला नाही. माझ्या खांद्यावरून बाहेर रस्त्याकडे पाहिलं.

"किती वाजले?"

"सव्वानऊ."

"दिवे लागल्यावर दे म्हणाली?"

"आत्ताच दे म्हणाल्या. मी सकाळी देते म्हटलं तर नको म्हणाल्या."

मग त्यांनी डबा घेतला. दोन्ही हातांनी. आणि तिथेच, दारात, माझी बॅग पाठीवर असताना बोलायला लागल्या. चौऱ्याहत्तर सालचा डिसेंबर. दोघी एडमंटनला शेजारच्या रस्त्यांवर राहायच्या, एकमेकींशिवाय कोणी नव्हतं. यांचे यजमान जनार्दनराव दुसऱ्या दिवशी पहाटे कॅल्गरीला मुलाखतीला जाणार होते, या देशातली पहिली मुलाखत. निघताना हातावर दही ठेवायचं म्हणून मंदाकिनी आजी विरजण मागायला गेल्या. लहान मुलीला कडेवर घेऊन, बर्फातून, कामावरून सुटल्यावर.

"पाच वाजले होते गं. संध्याकाळचे पाच. तिथे डिसेंबरात सव्वाचारलाच दिवे लागतात. ती म्हणाली, दिवे लागलेत मंदा, सकाळी ये. सकाळी कधी येणार होते मी? ते पहाटेच निघणार होते."

ती नोकरी मिळाली नाही. महिन्याभरात ते ओंटारियोला आले.

"दह्याने नोकरी मिळत नाही, एवढं मलाही कळतं. पण तिने दार अर्धंच उघडलं होतं." मग म्हणाल्या, "तिची दोन पत्रं आली. मी फोडलीसुद्धा नाहीत. तेवढी मीही हट्टीच."

मला वाटत होतं मी दही आणलंय. इतके दिवस त्या दोघींच्या मध्ये मी नुसती दुधात करंगळी बुडवत होते आणि मला पत्ताच नव्हता. ईशिता जिन्यावरून म्हणाली, "आजी, you're letting all the mosquitoes in," तेव्हा कुठे आम्ही आत आलो.

मंदाकिनी आजींनी माझी बॅगही उतरवू दिली नाही, आधी गॅसवर दूध ठेवलं. कोमट झाल्यावर करंगळी बुडवली आणि हलक्या आवाजात दहापर्यंत मोजलं. चमचाभर घातलं, झाकलं, ओव्हनमधला दिवा लावला. मग हात पुसून माझ्याकडे वळल्या आणि तिचा नंबर लावून दे म्हणाल्या. मी म्हटलं, आता? दमल्या असतील, उद्या बोला. त्या म्हणाल्या, तिकडे आपल्यापेक्षा दोन तास कमी असतात, आणि जून आहे.

मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. एकदाच रिंग झाली.

"तारा, मंदा बोलतेय," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे अजून ऊन आहे ना गं?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मंदाकिनी आजींनी पायाने खुर्ची ओढली आणि खिडकीशी बसल्या.